डाव्या कमरेवरची खपली

मी चामोर्शीच्या कॉलेजात ग्रंथपाल. जगभरचे शोधनिबंध फुकट वाचायची सोय आमच्या कॉलेजालाही झाली, तेव्हा मी पोटभर हसलो. इथं वाचणार कोण? गाढवापुढं वाचली गीता, असं स्टाफरूममध्ये बोललोही.

वाचणारी निघाली दिव्यानी, आमची सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापक. पूर्वी बिचारीला निबंधाच्या वरच्या चार ओळी दिसायच्या, पुढं कुलूप. आता ती अशी बसायची की शिपाई खिडक्या लावू लागला तरी उठेना. परीक्षा कधी आहे म्हणून मी तिला चिडवायचो. ती हसायची आणि पुढचं पान उघडायची.

दिवाळीआधी बांधावरचं गवत कापून आली आणि माझी बायको वच्छला तापानं पडली. मलेरिया नाही, डेंग्यूही नाही. ताप हटेना. गडचिरोलीला हलवायची तयारी ठेवा, असं डॉक्टर म्हणाले.

दिव्यानी भेटायला दवाखान्यात आली. तिच्या वाचनात आलं होतं, की गवतातला बारीक किडा चावूनही असा ताप येतो. चावल्या जागी काळी खपली धरते, बहुधा कपडा घट्ट बसतो तिथं. मला पडद्याबाहेर काढून तिनं वच्छलाचं अंग पाहिलं. खपली कमरेवर होती. पण ती आम्हाला ठाऊकच होती. आमच्याकडं बाया कमरेला विळा खोसतात, तो घासला असेल म्हणून मीच तिथं खोबरेल लावलं होतं. डॉक्टरांना काय सांगायचं त्यात!

"काकू, विळा कोन्या आंगाले खोसता तुमी?"

"उजव्या."

"मंग हे डाव्या आंगाले कसं?"

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी खपली पाहिली, मान डोलावली आणि लगेच गोळ्या सुरू केल्या. अगदी साध्या गोळ्या. दोन दिवसांत ताप उतरला. त्या पोरीच्या पाया पडावं असं मला वाटलं, खरंच वाटलं.

भात खाताना वच्छलानं विचारलं, हे किड्याचं लिवलं कोनं? दूर तमिळनाडूतली कोणी डॉक्टरीण आहे, मी म्हणालो.

"तिले कोनी सांगतलं का, मी उठून बसली मनून?"

दुसऱ्या दिवशी मी दिव्यानीशेजारी बसलो. तो निबंध उघडून घेतला, तळाशी लिहिणारीचा पत्ता होता तिथवर गेलो आणि वच्छलाचं नाव लिहून कळवलं.