नन्नासाहेबांचा होकार

कारखान्यात त्यांना नन्नासाहेब म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतः कमावलेलं होतं. ते स्टोअरकीपर होते. कुणी नवा पाना मागितला की आधी जुना दाखव, हातमोजे मागितले की फाटलेले आणून दे, आणि फाटलेले आणलेच तर ते शिवून चालतील का ते बघून ये, असा त्यांचा खाक्या. निवृत्त झाल्यावर तोच खाक्या त्यांनी घरी आणला. नवा पडदा? नाही. भिंतीला रंग? नाही. घरात मूलबाळ नव्हतं, त्यामुळे नन्नाचा सगळा पाढा एकट्या बायकोच्या वाट्याला यायचा. तिला शेजारीपाजारी काकी म्हणत. काकी चारचौघांत सांगायची, "लग्नाला हे हो कसे म्हणाले तेच कळत नाही. बहुतेक झोपेत असतील."

लग्नानंतर मात्र त्यांनी शुद्धीवर असताना एकदाच हो म्हटलं, आणि ते दोघांनाही चांगलंच भोवलं.

निवृत्तीच्याच वर्षी एका मोठ्या दुकानाच्या दारात कुणीतरी काकीच्या हातात कूपन ठेवलं. खरवडलं तर बक्षीस निघालं: डोंगरातल्या हॉटेलात दोन दिवस फुकट. अट एवढीच की बक्षीस घ्यायला नवरा-बायकोने जोडीनं यायचं आणि थोडा वेळ बसून माहिती ऐकायची. नन्नासाहेब म्हणाले, फुकट कुणी कुणाला पाणी पाजत नाही. काकी म्हणाली, नुसतं ऐकायला आपलं काय जातं? आठवडाभर ती त्यांच्या मागे लागली, तेव्हा कुठे ते पायात बूट घालून निघाले.

त्या हॉलमध्ये बर्फासारखी गार हवा होती, गाणी कान किटतील इतक्या मोठ्यानं लावलेली होती, आणि कुणी पैसे भरले की सगळे विक्रेते उठून टाळ्या वाजवायचे. योजना ऐकायला सोपी होती. एकदा रक्कम भरायची, की दर वर्षी एक आठवडा डोंगरातली खोली तुमची, ती जन्मभर. देखभालीचा खर्च तेवढा वर्षाला वेगळा. नन्नासाहेबांनी समोरच्या पोरीला नाही सांगितलं, तिच्या वरच्याला नाही सांगितलं, त्याच्याही वरच्याला नाही सांगितलं. जेवायची वेळ टळून गेली तरी गडी जागचा हलला नाही. काकीला तर मनातून त्यांचं कौतुकच वाटायला लागलं होतं.

शेवटी पिकल्या केसांचा मॅनेजर आला. तो नन्नासाहेबांशी बोललाच नाही. काकीकडे वळून त्यानं मायेच्या आवाजात विचारलं, साहेबांनी आजवर तुम्हाला कुठे कुठे नेलं ते सांगा बघू. काकीला सांगता येईना, कारण त्यांनी तिला कुठेच नेलं नव्हतं. आणि इतकी वर्षं जे कधी मनाला लागलं नव्हतं ते त्या परक्या माणसासमोर लागलं. तिचे डोळे भरून आले. नन्नासाहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पेन उचललं.

"कुठे सही करायची?" ते म्हणाले. सगळा हॉल टाळ्या वाजवायला उठला.

त्या खोलीत ती दोघं कधीही गेली नाहीत. काकी फोन करायची. सुट्टीत खोली मागावी तर भरलेली, भर थंडीत मागावी तर दुरुस्ती चालू, आणि एरवी मागावी तर आमच्याकडे आगाऊ कळवायला हवं होतं मॅडम. देखभालीचं बिल मात्र कधी वाट चुकलं नाही. दर वर्षी ते आणखी फुगून यायचं. सोडून द्यायचं म्हटलं तर सुटत नव्हतं, कारण करारात जन्मभर लिहिलेलं होतं. फुटक्या कपावरून आठवडाभर बोलणारे नन्नासाहेब या एवढ्या मोठ्या धोंडीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. 'मी सांगत होतो' एवढं जरी ते म्हणाले असते, तरी काकी दोन दिवस भांडली असती आणि मोकळी झाली असती. ते बोलले नाहीत, म्हणून ते तिच्या पोटात तसंच बसून राहिलं.

मग एका सकाळी दाढी करता करता त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकलेलं सगळं कळत होतं, पण तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला, आणि तो शब्द होता 'हो'. दैवाला चेष्टा करायला दुसरं कुणी सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं. कुणाला एखादी शिवी उरते, कुणाला एखादं नाव. त्याला अर्थ नसतो, मनात काहीही असलं तरी तोंडातून तेवढंच येतं. चहा हवा का? हो. चहा नको का? हो. कारखान्यातला एक म्हातारा फिटर भेटायला आला आणि त्यांना हसवायला म्हणाला, साहेब, आता तरी नवा पाना द्या. नन्नासाहेब हो म्हणाले. फिटर बाहेर जिन्यावर जाऊन रडला.

वाचा-उपचार केंद्रातून आठवड्यातून दोनदा एक बाई यायची. काकी तिला बोलकी ताई म्हणायची. ताईनं पहिल्याच दिवशी सांगितलं की आधी 'नाही' शिकवायचं. काकी जरा हिरमुसली. आधी माझं नाव का नको, म्हणाली.

"ज्याला नाही म्हणता येत नाही ना काकी, त्याच्यावर कुणीही काहीही लादू शकतं," ताई म्हणाली.

जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवायचं, आरशात बघायचं आणि आवाज सोडायचा. काही आठवड्यांनी जीभ जागेवर जायला लागली. नन्नासाहेबांच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, जीभ दातांमागे जायची, आणि इतकं करून बाहेर यायचं 'हो'. ते चिडून डावा हात मांडीवर आपटायचे. ताई मात्र खूश होती. जीभ तिथे गेली म्हणजे त्यांना नाहीच म्हणायचंय असं समजा, म्हणाली. शिकवणीत खंड पडू देऊ नका, शब्द येईल. खंड पडला तर जीभही वाट विसरेल.

काकीनं हात न आखडता पैसे घातले. मोडायला काढलेल्या ठेवीतून फी जात होती, आणि ठेव काही अक्षय नव्हती. नेमका त्याच दिवसांत एक फोन आला.

बोलणारा माणूस मोठा अदबीचा होता. तुमचा डोंगरातला आठवडा विकत घ्यायला एक कुटुंब तयार आहे, म्हणाला, आणि त्यानं जो आकडा सांगितला तो मूळ किमतीच्या दुप्पट होता. आधी फक्त हस्तांतराची फी भरायची. विक्री झाली की तीही परत. त्याला खोलीचा नंबर ठाऊक होता, सही कोणत्या वर्षी झाली ते ठाऊक होतं. काकीला वाटलं, एवढं ज्याला माहीत तो खोटा कसा असेल? गळ्यातली धोंड जाईल, शिकवणीची वर्षभराची सोय होईल. आणि खरं सांगायचं तर तिला पैशांपेक्षा दुसरंच हवं होतं. तिच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्या हॉलमध्ये जे झालं ते तिला पुसून टाकायचं होतं.

"पण मालक तुम्ही दोघं आहात मॅडम," तो म्हणाला. "साहेबांचा होकार रेकॉर्ड करावा लागेल."

दुपार होती. नन्नासाहेब खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते आणि फोनवरचं सगळं त्यांच्या कानावर जात होतं. काकीनं त्यांना समजावलं की विकतोय, सुटतोय यातून. त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि जीभ दातांमागे गेली.

काकीनं ते पाहिलं. पाहिलं, आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मग तिनं फोन त्यांच्या ओठांपाशी नेला.

"हो," नन्नासाहेब म्हणाले. "हो, हो, हो."

"धन्यवाद सर," फोनमधला माणूस म्हणाला.

हस्तांतराची फी भरली. मग कुठलासा कर निघाला, तोही भरला. मग घेणाऱ्यांच्या बँकेची एक हमी निघाली, तीही भरली. त्यानंतर तो नंबर कधी लागलाच नाही. ठेवीत खडखडाट झाला, केंद्राची फी थकली, आणि आठवड्यातल्या त्या दोन वेळा यादीतल्या पुढच्या रुग्णाला गेल्या. बोलकी ताई शेवटची आली तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं. खरं गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही काकी, एवढंच ती म्हणाली. आता तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो म्हणणारे फोन येतील, तेही त्यातलेच. जाताना तिनं आपला छोटा आरसा तिथेच ठेवला. काकी रोज तो आरसा धरून बसायची, पण तिला शिकवता येत नव्हतं आणि तिच्यासमोर नन्नासाहेब तोंड उघडेनात.

ताई म्हणाली होती तसा फोन आला तेव्हा काकी त्यांना शर्ट घालत होती. हात मोकळे नव्हते म्हणून तिनं फोन स्पीकरवर लावला. या वेळी बाईचा आवाज होता. वकिलाच्या ऑफिसातून बोलतेय, तुमची फसवणूक झाली त्याचं फार वाईट वाटतं, सगळे पैसे वसूल करून देऊ, फक्त थोडी नोंदणी फी लागेल. साहेबांची तयारी आहे ना?

नन्नासाहेबांचं अंग ताठ झालं. जीभ वर गेली, अगदी दातांमागे, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला.

"हो," ते म्हणाले.

"साहेब हो म्हणाले," बाई उत्साहानं म्हणाली.

"नाही. ते नाही म्हणाले," काकी म्हणाली. "मी समोर उभी आहे. मला दिसलं." आणि तिनं फोन बंद केला.

नन्नासाहेबांचा श्वास हळूहळू शांत झाला. काकी त्यांच्यासमोर खाली बसली.

"बरोबर सांगितलं ना मी तिला?" तिनं विचारलं.

"हो." त्यांची जीभ खालीच होती, चेहरा सैल होता. बऱ्याच महिन्यांत एवढा सरळ शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

काकीला धीर आला. "त्या दुपारीही तुम्ही हेच म्हणत होता. आणि मी बघूनसुद्धा मान फिरवली."

"हो."

तिला रडू येत होतं, पण ती रडली नाही. तिच्या रडण्यानं या माणसाकडून एकदा भलतंच वदवून घेतलं होतं. तिनं पदरानं डोळे कोरडे केले, आवाज साधा ठेवला आणि विचारलं, "मला माफ केलंत का?"

नन्नासाहेबांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता थकवा होता. मग त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, जिभेचं टोक हळूहळू वर चढलं आणि वरच्या दातांमागे जाऊन टेकलं.

"हो," ते म्हणाले.

या वेळी काकीनं मान फिरवली नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि त्यांच्या शर्टाची राहिलेली बटणं लावायला लागली.