दांड्यावरचं शिसं

"आधी तिचं पाणी सोडू द्या, मग हवा मागा! एवढी घाई हाय तर फुंकून भरा चाक!"

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला कितीतरी वर्षं झाली. सकाळची वेळ होती. पालघरजवळच्या माहीम गावातल्या एका कौलारू घराच्या पडवीत सात-आठ सायकली उभ्या होत्या. पहिल्या पाळीचे कामगार, मासळी विकायला निघालेले लोक, सगळे माझ्याकडे आशेनं पाहत होते. आणि नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून एक तरुण बाई त्यांना दटावत होती. ती वत्सला.

आणि मित्रांनो, जिच्या पोटातलं पाणी ती सोडत होती, ती मी. हवेची टाकी. लोखंडी पत्रा वाकवून, दोन्ही बाजूंना गोल झाकणं जोडून मला कुणीतरी कधीतरी घडवलं. ते हात मला आठवत नाहीत. आठवते ती बोईसरची एक शेड. तिथल्या कारखान्यात मी काही वर्षं राबले. मग नवी, मोठी टाकी आली आणि मला भिंतीकडे सरकवलं. माझ्यावर कुणी डबे ठेवी, कुणी ओला सदरा वाळत घाली.

एकनाथ त्याच कारखान्यात फिटर होता. माहीमच्या कोळीवाड्यातला. बापाची होडी गेली, तेव्हा हा पोरवयातच पान्हे-हातोड्यांकडे वळला. एक दिवस तो माझ्यापाशी बसला. बोटाच्या पेराने त्याने मला ठोकून पाहिलं आणि कान लावून ऐकलं. १९७९ साली, साहेबांची परवानगी घेऊन, त्याने मला टेम्पोत घालून घरी नेलं.

मला वाटलं, आता लगेच हवा भरतील. पण एकनाथाने मला आधी पाणी पाजलं! विहिरीवरून बादल्या आणून काठोकाठ भरलं, हवेचा एक बुडबुडासुद्धा आत राहू दिला नाही. मग हातपंपाने त्या पाण्यावर दाब दिला. फडक्याने माझं अंग कोरडं केलं आणि कुठे घाम फुटतो का ते बघत बसला.

त्याची आई येसूबाई उंबऱ्यात सुकटीतला कचरा वेचत होती. ती म्हणाली, "बाळंतिणीवानी न्हाऊ घातलंस तिला. आता धुरी देतोस काय?"

"आये, हसू नको," एकनाथ म्हणाला. "पाण्याच्या दाबानं फाटली तर नुसतं पाणी सांडंल. हवेच्या दाबानं फाटली तर पडवी उचलून नेईल. म्हणून जुनी टाकी आधी पाण्यानं तपासायची."

अर्धा तास दाबाचा काटा जिथल्या तिथे राहिला. मला घाम फुटला नाही. दीडशे पौंडांचा दाब मी सोसला, आणि मला माझाच अभिमान वाटला.

मग त्याने माझे पाय जमिनीत बोल्टांनी आवळले. माझ्यापुढे कमरेएवढी विटांची भिंत बांधली. हवा भरणाऱ्या मोटरीचं बटण भिंतीच्या पलीकडे बसवलं. काट्याच्या तबकडीवर शंभराच्या आकड्याला लाल रेघ ओढली. शंभर झाले की मोटर बंद. आपोआप बंद होणारं बटण आमच्याकडे नव्हतं, म्हणून शेवटचा राखणदार माझ्या डोक्यावर होता. एक आडवा दांडा, त्याच्या टोकाला ठरलेलं वजन. कुणाचं लक्ष चुकलं आणि आतली हवा फार झाली, तर हा दांडा स्वतःहून वर उचलला जाई आणि जास्तीची हवा फुस्सकन सोडून देई.

एकनाथ दिवसभर कारखान्यात. मग मला सांभाळणार कोण? त्याने आपल्या बायकोला, वत्सलेला, शिकवलं. ती चौथीपर्यंत शाळेत गेली होती, काट्याचे आकडे तिला वाचता येत होते. बाकीचं तिने पंधरा दिवसांत उचललं. गावात मात्र गंमत झाली. "काय वैनी," एक टेम्पोवाला म्हणाला, "बाईमाणूस हवा भरणार? चाक फुटलं म्हणजे?"

"चाक फुटलं तर तुजं, टाकी फुटली तर माजी," वत्सला म्हणाली. "गप भिंतीमागं उभा रा."

तो गप उभा राहिला. महिनाभरात सगळेच गप उभे राहायला शिकले.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! विड्याच्या पानांचे करंडे लादलेल्या सायकली यायच्या. दादूभावाची रबरी चाकांची बैलगाडी यायची. पोरं फुटबॉल घेऊन यायची. होडी खाडीत लांब उभी असली की तिथवर जायला ट्रकची ट्यूब लागे, तीही माझ्याच श्वासाने फुगे. अर्धं गाव माझ्या वाऱ्यावर चालत होतं म्हणा ना.

समुद्राकाठची हवा ओली. ती माझ्या पोटात दाबली की तिचं पाणी होई आणि तळाशी साठे. ते रोज सोडलं नाही तर लोखंड आतून कुजतं, बाहेरून कळतही नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ वत्सला माझ्या बुडाची चावी उघडी. तांबूस पाणी वाहून जाईपर्यंत ती शेजारी बसे आणि हळू आवाजात गाई:

सांज झाली लोखंडी बाई, पोटातलं पाणी सोड,
वाटेवरल्या चाकांना गं, उद्या लागंल वारा गोड.
दर्या खारा, वारा खारा, लोखंडाला लागे गंज,
तुजा माजा एक घाम, एकच आपली तिन्हीसांज.

चार वर्षं अशी गेली. मला कुणी कधी बाई म्हटलं नव्हतं. तिने म्हटलं.

येसूबाईला मात्र माझी एक गोष्ट खटकायची. गिऱ्हाईक बोलण्यात गुंतवी, वत्सलेला बटणापाशी पोचायला जरा उशीर होई, आणि दांडा फुस्स करी. "एवढी भरायची नि सोडून द्यायची?" येसूबाई कळवळून म्हणे. "पकडलेली मासळी कोन परत दर्यात टाकतं काय?" तिचं सगळं आयुष्य जाळी विणण्यात आणि सुकटीची काडी न् काडी जपण्यात गेलं होतं. वाया जाणं तिला बघवत नसे, मग ती हवा का असेना.

आणि १९८३ सालच्या एका दुपारी तिने ते केलं. वत्सला मागे धुणं वाळत घालत होती. येसूबाईने जुन्या जाळ्याचं शिसं सुतळीत ओवलं. जाळं पाण्यात तळाशी जावं म्हणून लावतात ना, ते. आणि माझ्या दांड्याच्या टोकाला टांगलं. दांडा दबला की हवा राहील, एवढाच साधा तिचा हिशेब. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

थोड्या वेळाने दादूभावाची गाडी आली. वत्सलेने मोटर सुरू केली. तेवढ्यात बैलाचा पाय दोरात अडकला, तो उधळायला लागला, आणि वत्सला दादूभावाला हात द्यायला धावली. तिचा कान माझ्याकडेच होता. जास्त झालं तर दांडा बोलेलच, असं तिला वाटत होतं.

काटा शंभरावर गेला. एकशे दहावर गेला. दांडा थरथरला, पण शिशाने त्याला वर उठू दिलं नाही. एकशे तीस. माझे सगळे सांधे ताणले. भिंतीपलीकडे तीन पोरं फुटबॉल घेऊन उभी होती. मला ओरडता येत असतं तर! पण माझं ओरडणं त्या दांड्यातच होतं, आणि त्याचं तोंड बांधलेलं होतं.

वत्सलेने वळून काटा पाहिला. ती पळाली नाही. "पोरांनो, पळा! दादूभाव, गाडी काढा!" असं ओरडत ती भिंतीकडे झेपावली आणि तिने बटण बंद केलं. त्याच क्षणी माझी रबरी नळी फाटली. सापासारखी उसळून ती वत्सलेच्या मनगटावर बसली. हवा किंचाळत बाहेर गेली. मी वाचले. पोरं वाचली. वत्सलेचा हात मात्र रक्ताने भरला.

धूळ बसल्यावर तिने वर पाहिलं. दांड्याला शिसं लोंबत होतं. उंबऱ्यात येसूबाई उभी होती, पांढरीफटक. वत्सला तिच्याकडे पाहत राहिली. म्हातारीने पुढे येऊन सुतळी सोडली, शिसं ओटीत टाकलं आणि आत निघून गेली.

संध्याकाळी एकनाथ पाळीवरून आला. फाटलेली नळी पाहिली, पट्टी बांधलेला हात पाहिला. भीतीने त्याचा आवाज चढला. "नजर कुठं व्हती तुजी? तीन पोरं मेली असती!"

वत्सलेने एकदा आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दारातून कुणी बाहेर आलं नाही. मग ती म्हणाली, "चुकलं माजं."

दुसऱ्या दिवशी एकनाथाने मोटर काढून ठेवली. गावात "वत्सलेच्या हातून टाकी फुटायची राहिली" असं झालं. आणि तिच्या हातातलं काम गेलं ते गेलंच.

माझ्यावर ताडपत्री पडली. अकरा वर्षं. कोंबड्यांनी माझ्या आडोशाला अंडी घातली. पण मित्रांनो, मी कुजले नाही, कारण त्या दिवशी वत्सलेने माझ्या बुडाची चावी उघडीच ठेवली होती, थेंबभर पाणी साठू नये म्हणून. दर वर्षी शेजाऱ्यांच्या होडीला लावायचं मासळीचं तेल उरलं की ती ताडपत्री सारून ते माझ्या अंगाला चोळत असे. गाणं मात्र नसे. तुमच्या घरी अशी एखादी जुनी टाकी असेल, तर नुसत्या रंगावर भुलू नका. तिचं पाणी सोडत जा, तिला पाण्याने तपासून घ्या. आणि तिच्या डोक्यावरचा राखणदार फुस्स करतो म्हणून त्याचं तोंड कधी बांधू नका. तो हवा वाया घालवत नसतो.

१९९४ साली एकनाथाचा कारखान्यातला विभाग बंद झाला. तो घरी बसला आणि त्याला माझी आठवण झाली. पुन्हा विहिरीचं पाणी, पुन्हा हातपंप. मी पास झाले, पण त्याने लाल रेघ खाली आणून ऐंशीवर ओढली. "वय झालं हिचं," तो म्हणाला. मला राग आला नाही. खरंच होतं ते.

नवी नळी आली. मोटर बसली. वत्सला अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिचे हात मंद झाले होते. तिच्या मनगटावरचा पांढरा वळ मला दिसत होता.

"पालघरच्या बाजारातनं सुटे भाग आनायचे, माजा पाय घरात टिकायचा नाय," एकनाथ म्हणाला. "बोईसरचा एक जाणता मानूस हाय. त्याला बसवतो इथं. कसं हाय, नजर लागते या कामाला."

वत्सलेने मान वर केली नाही. एक बोंबील काठीवरून घसरून खाली पडला, तो तिने उचलला, झटकला, पुन्हा अडकवला.

येसूबाई उंबऱ्यातच बसली होती. डोळ्यांनी आता तिला फारसं दिसत नव्हतं. तिने भिंत धरली आणि उठून उभी राहिली.

"मानूस आनू नको, एकनाथ."

"का गं, आये?"

"तिची नजर चुकली नव्हती. दांड्याला शिसं मी टांगलं व्हतं, हवा राहावी म्हनून. नि तू यायच्या आत मीच सोडवलं. तिनं पाह्यलं, तरी तुज्यापुढं माजं नाव घेतलं नाय. मी बोलंन म्हनून माज्या दाराकडं बघत राह्यली. अकरा वरसं झाली, पोरा. अजून बघतेय ती."