भिंतीकडे तोंड करून

ऑफिसात सगळे तिला शंकासुर म्हणत आणि तिला त्याचा रागही येत नसे. संशय घेण्याचाच तर तिला पगार मिळत होता. संस्थेतल्या प्रत्येकाची डिजिटल सही ज्या एका मूळ किल्लीवर उभी होती, ती किल्ली एका बंद खोलीतल्या, कुठल्याही नेटवर्कला न जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये होती. ती चालवायला दोन कार्डं आणि दोन पिन लागत. एक कार्ड तिच्याकडे, दुसरं नेटवर्कवाल्याकडे. दोन्ही कार्डं आणि दोन्ही पिन एकाच्या हाती पडले, तर त्याला थेट संचालकांच्या नावानं खोटी सही ठोकता आली असती.

आणि याच नेटवर्कवाल्याशी तिचं लग्न ठरलं होतं. ऑफिसात अजून कोणालाच पत्ता नव्हता.

"लग्नानंतर दोन्ही कार्डं एकाच कपाटात ठेवू," असं तो म्हणाला, तेव्हा तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. पण मावशीनं तिला झापलं. "तू ना, दारात आलेल्या मांजरालाही ओळखपत्र मागशील! माणूस चांगला आहे. गप लग्न कर."

तिलाही ते पटलं. ती पिन दाबायची तेव्हा बाकीचे उगाच छताकडे बघत. हा एकटा पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. दर वेळी, कोणी न सांगता. खरं तर ती त्या पाठीच्याच प्रेमात पडली होती.

आज नव्या प्रमाणपत्रांवर सही व्हायची होती. साक्षीला ऑडिटर बसला होता. नेटवर्कवाल्यानं आपलं कार्ड घालून पिन दाबला आणि सवयीप्रमाणे तो भिंतीकडे वळला. तिनं कार्ड सरकवलं, घाईघाईनं आकडे दाबले. मशीननं पिन नाकारला.

"शेवटचे दोन उलटे दाबलेस," तो पाठमोराच, हळूच म्हणाला. अगदी मायेनं.

ती उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. समोर आग विझवायच्या नळकांड्याचं कपाट होतं. त्याच्या काचेच्या दारात तिची खुर्ची आणि आकड्यांची बटणं लख्ख दिसत होती.

"अगं, सहज दिसलं," तो कुजबुजला. "मी कधी वापरलाय का?"

"माझं कार्ड कुठं होतं तुझ्याकडे अजून?"

तिला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायची तिची तयारी नव्हती. तिनं आपलं कार्ड मशीनमधून उपसून काढलं.

"साहेब, काम थांबवा. माझा पिन फुटलाय."

ऑडिटर दचकला. "कोणाला कळला?"

"यांना," ती म्हणाली. "आणि आमचं लग्न ठरलं होतं, तेही लिहून घ्या."