न चाखलेली साल

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. सध्या पालथा पडलो आहे, म्हणून माझा आवाज असा घुमतो.

मी देवासच्या टेकडीखालचा. पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले आणि देवासच्या दोन संस्थानांपैकी धाकट्या पातीच्या राज्यातल्या वैद्य दत्तोपंतांच्या ओसरीवर आणून ठेवले. चाळीस वर्षे मी कुड्याची साल कुटली. आव पडणारी, आतड्याला सूज आलेली माणसे टोंकखुर्दहून बैलगाडीत आडवी येत आणि काही दिवसांनी पायी परत जात. जाताना मलाही हात लावून नमस्कार करत. मला ते फार आवडे.

दत्तोपंतांचा एक नेम होता. कुटण्याआधी सालीचा तुकडा जिभेवर ठेवायचा. कारण रानात कुडे दोन. एक कडूजहर; तो कडूपणा हेच औषध. दुसरा गोडसर, दिसायला तसाच, पण या दुखण्याला निरुपयोगी.

त्या ज्येष्ठात त्यांची आठ वर्षांची नात दुर्गा आजारी पडली. आधी आव, मग रक्त आणि ताप. घरातली साल संपली. मानाजी गाडीवानाने सोनकच्छकडून नवी आणली.

"असली माल है, वैदबुवा!"

ठक्.

"दत्तू, चाखलीस का रे?" थोरल्या बहिणीने, अक्काने, विचारले.

"निर्जळी एकादशी ना आज, अक्का. जिभेला काही लावायचं नाही."

"खरंच की. असू दे, कुडाच दिसतोय."

ठक्. ठक्.

मित्रांनो, मला पहिल्याच घावाला कळले. माझ्यात चाळीस वर्षांचे कडू मुरले आहे. ही साल परकी होती. मी ओरडलो, ही नव्हे, ही...

ठक्.

मला एवढाच आवाज आहे.

दुर्गाने काढ्याची वाटी संपवली. "आजोबा, आज कडू नाही केलंत! रोज असंच द्या."

"तापानं जीभ गेली हो पोरीची," म्हणत अक्का हसली. दत्तोपंतही हसले, आठ दिवसांत पहिल्यांदा.

दिवसभरात तीन वाट्या झाल्या.

द्वादशीला पारणे फेडून त्यांनी माझ्या तळाची पूड बोटाने चाटली, आणि तसेच अनवाणी धावत सुटले. दुपारी खरी साल घेऊन आले. कुटू लागले. ओळखीचे कडू माझ्या पोटात उतरले. तेवढ्यात आतून अक्काचा हंबरडा आला.

ते कुटतच राहिले.

संध्याकाळी त्यांनी मला पालथे घातले. उपासाचे पुण्य किती, ते दगडाला कळत नाही. पण मित्रांनो, आजारी मूल औषध गोड आहे म्हणाले, तर हसू नका. आधी चाखा.