निरोगी गटातली सातवी नळी

पेशी रक्तात बारीक पुड्या सोडतात. त्यांतली प्रथिनं तपासून कॅन्सर लवकर ओळखता येईल का, हे आमची प्रयोगशाळा शोधते. तुलनेसाठी निरोगी रक्त लागतं. दोन नळ्या कमी पडल्या, तेव्हा मी माझं रक्त दिलं आणि माझा विसरलेला चष्मा द्यायला आलेल्या धाकट्या बहिणीलाही खुर्चीत बसवलं. "सुईने मरत नाहीस," असं वर ऐकवलंही.

आज निरोगी गटातल्या सातव्या नळीचा निकाल थेट कॅन्सरच्या रुग्णांच्या रांगेत जाऊन बसला. मशीनला शिव्या घालत मी पुन्हा तपासलं. तिसऱ्यांदाही तेच.

"एवढ्यावरून काही ठरत नाही," सर माझ्याकडे न बघता म्हणाले. "सात आणि आठ तुम्हा बहिणींच्याच ना?"

हो. पण नळ्यांवर नुसते आकडे होते. कोणती कुणाची, ते सरांच्या कपाटातल्या यादीतच लिहिलेलं. त्यांनी कुलपात किल्ली घातली.

'देवा, सातवी माझी नसू दे,' असं पटकन मनात आलं, आणि आपण काय मागून बसलो ते कळून मी सरांना 'थांबा' म्हटलं.