छिद्राच्या कडेचा रंग

यादीत अकरा गाड्या होत्या. सातव्या ओळीपाशी अदीबाची पेन्सिल थांबली. फोक्सवॅगन बीटल, १९६३, डीलक्स, फिका हिरवा रंग, बरका.

ओमानात हिरव्या बीटल आणखीही असतील, पण बरका गावच्या अर्बाबची, म्हणजे तिथल्या अरब मालकाची, हिरवी बीटल एकच. तिच्यापायीच अदीबाचे वडील, हुसैनमियाँ सोलकर, चोर ठरले होते.

हुसैनमियाँ रत्नागिरीचे, कुशनकाम करणारे. अर्बाबच्या गॅरेजात ते जुन्या गाड्यांच्या सीटा शिवत. १९९४ साली ही बीटल त्यांच्याकडे कुशनसाठी आली आणि तयार होऊन अर्बाबपुढं उभी राहिली, तेव्हा तिच्या अंगावर क्रोमची एकही पट्टी नव्हती. गाडी तर डीलक्स म्हणून विकत घेतलेली. मग पट्ट्या गेल्या कुठं? गॅरेजचा कारभार हसन मुकादमच्या हातात होता. तो म्हणाला, हुसैनमियाँनं विकून खाल्ल्या. तीन दिवसांत हुसैनमियाँचा व्हिसा रद्द झाला. हसन तेवढ्यावर थांबला नाही. तो त्यांच्याच मोहल्ल्यातला. त्यानं मोहल्ल्याच्या जमातीला पत्र धाडलं आणि शुक्रवारी, जुम्याच्या नमाजनंतर, ते मशिदीत सगळ्यांपुढं वाचलं गेलं. ह्या माणसानं मालकाचा माल चोरून आपल्या गावाचं नाव घालवलंय, ह्याला पुन्हा कुणी गल्फात न्यायचं नाही. कुणी नेलंही नाही. थोरल्या मुलीचं, मुनिबाचं, ठरलेलं लग्न मोडलं. हुसैनमियाँ बावीस वर्षं रिक्षांच्या सीटा शिवत राहिले, आणि त्या पत्राविषयी घरात चकार शब्द काढला नाही.

अदीबा तेव्हा सात वर्षांची होती. पुढं ती बीएस्सी झाली, पॉलिमर घेऊन एमएस्सी झाली, नबील पारकरशी लग्न करून मस्कतमध्ये, अल् घुब्र्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आली आणि तिथल्याच एका रंगतपासणी प्रयोगशाळेत लागली. ह्यात डाव असा काही नव्हता. पण ओमानचं स्थळ आल्यावर तिनं दुसऱ्या कुठल्या स्थळाकडं ढुंकून पाहिलं नव्हतं, हेही खरं.

अर्बाब आता ऐंशीच्या पुढं गेले होते. बरक्याच्या शेतावर त्यांनी गाड्यांचं म्युझियम उभारलं होतं. उद्घाटनाआधी जर्मनीहून आलेला एक जाणकार एका गाडीच्या मागचं मॉडेलचं नाव बघून, हे खोटं वाटतं, असं म्हणत हसला, ते त्यांना फार लागलं. त्यांनी प्रयोगशाळेला कळवलं, की प्रत्येक जर्मन गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा साधी होती की डीलक्स, ते शोधून लेखी द्या. पाट्या नंतर लागतील. अदीबानं साहेबांकडून ते काम मागून घेतलं.

म्युझियमच्या दारात हसन मुकादमच उभा होता. पासष्टी ओलांडलेला, दाढी पांढरी, कपड्यांची इस्त्री कडक. म्युझियमचा सगळा कारभार आता त्याच्याकडं होता. दहा मिनिटं हिंदीत बोलल्यावर त्याला तिच्या बोलण्यातला कोकणी हेल जाणवला आणि त्यानं आपल्याकडं विचारतात तसंच विचारलं, “कुणाची गो तू?”

“पारकरांची. चिपळूणकडच्या,” अदीबा म्हणाली. तिच्या गळ्यातल्या कार्डावरही तेच आडनाव होतं.

“मंग मना मामू म्हण. मॅडम-बिडम मी नाय म्हणणार.”

तिनं त्याला मामू म्हटलं. एकदाही चुकली नाही.

बीटलला तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं. आधीच्या दहा गाड्या चार दिवसांत पाहिल्या. प्रत्येक वेळी हसन मागं उभा राहून खोड्या काढायचा. रंगाची पण ब्लड टेस्ट करतेस काय, म्हणायचा. एका गाडीवर मागाहून चिकटवलेलं महागड्या मॉडेलचं नाव सापडलं, तेव्हा तिनं ते अर्बाबला न सांगता आधी त्याच्या कानावर घातलं, म्हणजे त्याला ते स्वतःच जाऊन सांगता यावं. त्या दिवसापासून तो तिच्यावर खूश होता. दुपारी घरून मच्छीचा डबा आणून तिला आग्रहानं वाढायचा. ती जेवायची. हात धुताना मात्र तिला साबण दोनदा लावावासा वाटे.

पाचव्या दिवशी ते बीटलपाशी आले. गाडी देखणी होती. दोन्ही बाजूंना आणि बॉनेटवर क्रोमच्या झगझगीत पट्ट्या होत्या.

“ही बाई मोठी गुणाची,” हसन म्हणाला. “हिच्या पट्ट्यांची पण एक कहाणी हाय.”

“सांगा ना, मामू. मला गाडीचा इतिहास लिहावाच लागतो. तुमच्या तोंडचाच लिहिते.”

त्यानं सांगितलं आणि तिनं शब्दन् शब्द उतरवला. गाडी त्यानं स्वतः शारजातून निवडून आणली, तेव्हा मूळच्या पट्ट्या अंगावर होत्या. खालचा सांगाडा गंजला होता म्हणून बरक्यात दुसऱ्या बीटलचा बसवला. मग पट्ट्या उतरवून रंग मारला, पट्ट्या परत बसवल्या आणि गाडी कुशनला गेली. तिथं एक हलकट होता.

“आमच्याच गावचा. दिसायला गरीब गाय. सीट शिवता शिवता पट्ट्या काढल्यान आणि विकल्यान. मंग मी जर्मनीहून दुसऱ्या मागवल्या, त्याच जुन्या होलांत बसवल्या. अर्बाबची मान खाली जाऊ दिली नाय.”

“त्याचं पुढं काय झालं?” अदीबानं विचारलं. तिची पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

“काय व्हायचंय? चोराचं काय होतं? असंल रिक्षांची रेक्झिनं शिवत.”

तो हसला. त्याला सगळं माहीत होतं तर. बावीस वर्षं तो खबर ठेवून होता. अदीबानं शेवटचा शब्द लिहिला, कागद त्याच्यापुढं केला आणि माहिती देणारा म्हणून सही करायला सांगितलं. त्यानं ऐटीत सही ठोकली, तारीखही घातली. त्यानंतर रंगाला कुणी हात लावलाय का, एवढंच तिनं विचारलं. नाही, म्हणाला, तो चौऱ्याण्णवचाच रंग आहे. तेही तिनं सहीच्या वरच्या जागेत लिहून घेतलं.

बीटलचा नंबर खालच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो, आणि हिचा सांगाडाच दुसऱ्या गाडीचा. म्हणून कारखान्याच्या दाखल्याचा उपयोग नव्हता. साधी की डीलक्स हे ज्यांवरून कळतं ते गिअर आणि ब्रेकही सांगाड्याबरोबर आलेले. आता जे काही सांगेल तो वरचा पत्राच. डीलक्सच्या पत्र्याला पट्ट्यांची छिद्रं कारखान्यातच पाडत, रंगाच्या आधी, त्यामुळे रंग छिद्राच्या कडेवरून आत उतरलेला असतो. साध्या मॉडेलला पट्ट्या नसत, म्हणून छिद्रंही नसत. कुणी नंतर पाडली, तर ड्रिल रंग कापत जातं आणि कड उघडी राहते.

हे सगळं अदीबाला तोंडपाठ होतं. तरी हसन नमाजला गेल्यावर ती दाराचं आतलं पॅड काढायला वाकली, तेव्हा एक शंका तिला सोडेना. छिद्राच्या कडेवर रंग निघाला तर? तर पट्ट्या खरंच होत्या, आणि त्या कुणीतरी खरंच काढल्या होत्या. अब्बा बावीस वर्षं का बोलले नाहीत, त्याचं उत्तरही तिथंच होतं. तिनं स्वतःला बजावलं, की कडेवर रंग असेल तर अहवालात तेच लिहायचं आणि हसन मुकादमला ह्या जन्मी पुन्हा मामू म्हणायचं. मग तिनं एक पट्टी सोडवली आणि लहान सूक्ष्मदर्शक छिद्रावर धरला.

बाहेरून तीन थर दिसत होते. कारखान्याचं प्रायमर, कारखान्याचा हिरवा, त्यावर बरक्याचा हिरवा. तिन्ही थर चाकूनं कापल्यासारखे एका रेषेत तुटलेले. कडेवर रंगाचा ठिपका नाही, नुसता उघडा पत्रा आणि तांबूस गंज. आतल्या बाजूला ड्रिलनं ढकललेले पत्र्याचे दात मूळच्या रंगाला फोडून बाहेर आलेले. तिनं दुसरं छिद्र पाहिलं, मग तिसरं. बॉनेटची पाहिली. सगळी, एकूण एक, पाहिली. प्रत्येकाचा फोटो काढला.

बरक्याचा रंग सुकल्यावर कुणीतरी ही छिद्रं पाडली होती. त्याआधी ह्या पत्र्याला छिद्रच नव्हतं, म्हणजे पट्टी नव्हती, म्हणजे चोरायला काही नव्हतं. हसननं साधी गाडी डीलक्स म्हणून अर्बाबच्या गळ्यात मारली होती, आणि अर्बाबनं पट्ट्या कुठं म्हणून विचारल्यावर समोर जो माणूस सुई घेऊन बसला होता त्याचं नाव घेतलं होतं.

अदीबा पुढच्या सीटवर जाऊन बसली. सीट अब्बांनी शिवलेली होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. आला तो राग, आणि तो इतका थंड होता की तिनं त्याच बैठकीत अहवाल पुरा केला.

दुसऱ्या दिवशी मजलिसमध्ये, अर्बाबच्या बैठकीच्या खोलीत, तिनं अर्बाबपुढं अकरा अहवाल ठेवले. अर्बाब जुन्या बंदरी लोकांसारखे सफाईनं हिंदी बोलत. हसन त्यांच्या शेजारी बसून सुरईतून कावा, अरबी कॉफी, ओतत होता. दहा गाड्या झाल्यावर तिनं बीटलचे फोटो मांडले, तीन थर बोटानं दाखवले आणि एकच प्रश्न केला, की आधी रंग की आधी छिद्र? अर्बाबनं आयुष्यभर गाड्या पाहिल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, आधी रंग.

मग तिनं हसनच्या सहीचा कागद पुढं केला आणि हिंदीत वाचून दाखवला. हसनच्या हातातली सुरई खाली टेकली.

“मशीन चुकतं पण,” तो म्हणाला. “बेटी, नीट बघ.”

“अठरा छिद्रं आहेत. अठराही वेळा चुकेल?”

“तुजा काय जातंय ह्यात?”

“तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत ना, कुणाची मी? सासरचं सांगितलं तेव्हा. माहेरचं आता सांगते. मी हुसैनमियाँ सोलकरांची धाकटी.”

अर्बाबला कोकणी कळत नव्हती, पण नाव कळलं. ते नाव त्यांनी दोनदा उच्चारलं. मग हसनकडं न बघता म्हणाले, की त्या माणसाला मी तीन दिवसांत घालवलं, त्याचा शब्दही ऐकून घेतला नाही. हसनचा व्हिसा माझ्या हातात आहे. तू सांग काय करू.

अदीबा ह्या प्रश्नाची वाटच पाहत होती. “आधी पत्र,” ती म्हणाली. “त्यानंतर तुमची मर्जी.”

तिनं बॅगेतून कोरा कागद काढला. पत्र जमातीच्या नावे, मराठीत, हसनच्या अक्षरात. हसन सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला होता. त्यानं लिहायला घेतलं, पाच-सहा ओळी खरडल्या आणि कागद तिच्याकडं सरकवला. १९९४ साली माझा गैरसमज झाला, असं त्यात होतं.

अदीबानं त्या शब्दाखाली रेघ ओढली.

“हा शब्द चालणार नाही.”

“अगो, मतलब तोच हाय.”

“नाही. गैरसमज ज्याला माहीत नसतं त्याचा होतो. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही खोटं बोललात. तेवढंच लिहा.”

“गैरसमजानं खोटं बोललो, असं लिहू?”

अर्बाबनं विचारलं, काय अडलंय. तिनं सांगितलं, एक शब्द. ते म्हणाले, मग तो लिहून होईपर्यंत मी बसतो.

हसननं दुसरा कागद घेतला. ह्यावेळी ‘माफी’ आली, ‘शैतान’ आला, ‘उमर झाली’ आलं. तिनं तिन्ही काढायला लावले. तिसऱ्या कागदावर पत्र चार ओळींचं झालं. गाडी साधी होती. पट्ट्या कधीच नव्हत्या. हे मला माहीत होतं. मी खोटं बोललो, हुसैनमियाँ सोलकर चोर नाहीत. सही त्यानं घाईत खरडली, तर तिनं ती परत करायला लावली. पहिली वाचता येत नव्हती.

“आता ह्या वयात मना घराकडं धाडतील,” तो हळू आवाजात म्हणाला. “त्याच मोहल्ल्यात. तिथं मी कुणाला तोंड दाखवू, सांग?”

“अब्बांनी दाखवलं. तुम्ही पण दाखवा.”

अर्बाबनं हसनचा व्हिसा रद्द करून टाकला. म्युझियमच्या पाटीवर ‘साधे मॉडेल’ असं लिहायचं ठरलं आणि पट्ट्या उतरवायला माणूस बोलावला. हुसैनमियाँना इथं बोलावून घेऊ का, असंही त्यांनी विचारलं. ते अब्बांनाच विचारते, एवढं अदीबा म्हणाली आणि निघाली.

मस्कतच्या रस्त्याला लागण्याआधी तिनं गाडी कडेला घेतली आणि माहेरी फोन लावला. सगळं सांगितलं. थर, छिद्रं, सही, पत्र. पत्राचा फोटो पाठवते म्हणाली, मूळ कागद आजच कुरिअर करते, येत्या जुम्याला मशिदीत वाचता येईल. तिला वाटलं, पलीकडं अब्बा रडतायत. तिनं हाक मारली.

“ऐकतंय गो,” ते म्हणाले. आवाज कोरडा होता. “हसनचा विमान कधी हाय?”

“पुढच्या आठवड्यात. का?”

“तर ह्या जुम्याला नको,” हुसैनमियाँ म्हणाले. “तो येऊंदे. नमाजला येऊन सफेत, सगळ्यांच्या रांगेत, बसूंदे. मंग वाचूंदेत.”