शनिवारची पेटी

काका शुक्रवारी दिवस मावळता मावळता गेले, म्हणजे नेमका आमचा शब्बाथ, शनिवार मावळेपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, सुरू होताना. आयुष्यभर बाबांशी याच दिवसावरून, तो शनिवार की रविवार म्हणून, भांडले आणि जातानाही वेळ साधली.

बाबा शवपेट्या बनवतात. आधीच करून ठेवत नाहीत. तयार पेटी माणूस शोधत बसते म्हणतात. काका रविवारच्या चर्चचे. तिथे रविवारी कबर खणत नाहीत आणि सोमवारपर्यंत देह टिकला नसता. उरला शनिवार, आणि शनिवारी बाबा सुईसुद्धा उचलत नाहीत.

सकाळी काकू दारात आली. "भाऊजी, हे म्हणायचे, माझी पेटी दादाच करेल. शब्बाथाला मेंढरू खड्ड्यात पडलं तर बाहेर काढतातच, असं प्रभूच म्हणाला ना?"

"ते जिवंत होतं," बाबा म्हणाले.

"आणि तुमचा भाऊ मेंढराहून कमी का?" काकूनं विचारलं.

बाबांनी हात पाठीमागे बांधले. "आज्ञा आहे. सोयीनं कशी मोडू?"

मग मी उठले. मला करवत येते, रंधा येतो, मी केलेलं स्टूल अजून उभं आहे. "मी करते," म्हटलं. पाप लागलंच तर माझ्या नावावर.

बाबा नको म्हणाले नाहीत. वर्कशॉपच्या दारात नुसते उभे राहिले. मी मापं घेतली, फळ्या कापल्या, ठोकल्या. एकदा त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, प्रार्थना. खोटं कशाला बोलू, मला भारीच वाटत होतं.

तळाची फळी मी काकांच्या खांद्यांच्या मापाची कापली आणि बाजूच्या फळ्या तिच्यावर उभ्या केल्या. आतली जागा दोन फळ्यांच्या जाडीनं कमी झाली. हे कळलं काकांना आत ठेवताना. ते मावेनात. दुसरी करायला वेळ नव्हता. शेवटी चौघांनी त्यांना अर्धवट कुशीवर वळवलं, एक खांदा वर, तोंड फळीकडे. काकूसमोर.

दफन करून परतताना मी बाबांना विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं?"

"पहिल्या खिळ्यालाच."

"मग सांगायचं तरी."

"सांगणं हेही कामच."

सूर्य बुडाला तसे बाबा वर्कशॉपमध्ये गेले. रंध्याचा आवाज ऐकून मी डोकावले. नवी पेटी होत होती, काकांच्या खांद्यांना ऐसपैस पुरेल अशी.

ती अजून भिंतीला टेकून उभी आहे. काल एकजण तेवढ्याच मापाची मागायला आला. बाबांनी नवीन फळ्या काढल्या.

"ही तयार आहे की," तो म्हणाला.

"ती दिलेली आहे."